आकडी

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास मी फळ्यावर एक डुक्कर काढते. चित्रकला बेताचीच, त्यामुळे मागच्या बाकावरून "मॅडम, ही म्हैस आहे का?" असा आवाज ठरलेला. डुकरासमोर एक माणूस, माणसाच्या पोटात वेटोळं घातलेली लांब फीत. फितीपासून डुकराकडे जाणारा एक बाण, डुकरापासून माणसाकडे परत येणारा दुसरा. टीनिया सोलियम, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचं जीवनचक्र. तालुक्याच्या कॉलेजात मी गेली बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. एवढ्या वर्षांत अभ्यासक्रम कितीदा तरी बदलला, पण हा किडा काही फळ्यावरून उतरला नाही.

दोन बाण काढले की वर्तुळ पुरं होतं, परीक्षेत मार्कही मिळतात. मी मात्र तिसरा बाण काढायला लावते. तो माणसापासून निघतो आणि माणसाकडेच जातो, डुकराच्या वाटेला न जाता. "हा कशाला, मॅडम?" असं विचारणारं एखादं पोर असतंच. मी सांगते, दुसऱ्या बाणानं पोटात जंत होतो. या तिसऱ्यानं आकडी येते.

वर्गात एवढंच सांगते. बाकीचं कधी सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

*

१९९२ चा जून. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. ताई दहावीत होती, मी सातवीत. मधल्या सुट्टीनंतर दहावीच्या वर्गाकडून आरडाओरडा ऐकू आला आणि कुणीतरी पळत येऊन मला सांगितलं, "तुझी ताई पडली."

मी पोचले तेव्हा ती बाकांच्या मधल्या जागेत पडली होती. डावा हात आणि तोंडाची एक बाजू झटके देत होती, मग सगळं अंगच. डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. शिपाईमामा कांदा आणायला धावले. एका सरांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. त्या काळी आमच्याकडे फेफऱ्यावर हाच इलाज होता, आणि आजही कुठे कुठे आहे. दुसरं कुणीतरी तिच्या दातांत चमचा घालायला बघत होतं.

सगळे गोंधळलेले असताना एकच मुलगी जाग्यावर होती. ताईची बाकावरची जोडीदारीण. तिनं ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं, मान एका कुशीला वळवली होती आणि ती सारखी म्हणत होती, "सर, चप्पल नका. काही घालू नका तोंडात. थांबेल आपोआप." चमचा तिनं हातानं दूर सारला. दोन-तीन मिनिटांत झटके खरंच थांबले. नंतर कुणीतरी तिला विचारलं, तुला कसं गं माहीत? ती म्हणाली, "आमच्या मामाला येते. वस्तीत आणखी तिघांना येते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. सगळ्यांनीच सोडून दिलं.

*

आधी देवऋषी झाला, मग तालुक्याचे डॉक्टर, आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा आकडी आल्यावर पुणं. सीटी स्कॅन हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला आणि त्याच्या पायी एक दुभती म्हैस घराबाहेर गेली. फिल्मवर मेंदूच्या उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, बांगडीच्या तुकड्यासारखं छोटं गोल कडं होतं. त्याच्या भोवती सूज.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, टीबीची गाठ आहे. औषधं सुरू झाली. घर हादरलं, पण टीबी ओळखीचा होता. गावात चार जणांना झालेला, दोन बरे झालेले. आज्जीनं ताईचं ताट-वाटी वेगळी केली, दादांनी गोळ्यांचा तक्ता भिंतीला लावला आणि गाडी रुळावर आली.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. ठिपका जवळजवळ विरघळलेला. या वेळी दुसरे डॉक्टर होते, तरुण. त्यांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या आणि दादांना म्हणाले, "मला ही टीबीची गाठ वाटत नाही. टीबीची गाठ इतक्या लवकर एवढी लहान होत नाही. हा किडा असावा. डुकरात असतो तो पट्टकृमी, त्याची अळी. ती मेंदूत जाऊन बसते आणि मरताना सूज आणते. त्या सुजेनं आकडी येते."

आबा दादांबरोबर गेले होते. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं न चुकलेली पंढरीची वारी. ते खुर्चीवरून उठलेच. "डाक्टर, आमच्या घरात अंडंबी शिजत न्हाई, अन् तुमी डुकराचं म्हंता?"

डॉक्टर समजावत होते. मांस खाण्याचा इथे संबंध नाही, अंडी पोटात गेली की होतं, अंडी म्हणजे कोंबडीची नव्हे, किड्याची, ती हाताला लागून, पाण्यातून, न शिजवलेल्या भाजीतून जातात. आबांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता. परत येताना एसटीत ते दादांना म्हणाले, "टीबी म्हनून सांगायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई कुनाला."

टीबी चालला. डुक्कर नको होतं.

*

त्या तरुण डॉक्टरांना ते कसं सुचलं, हे मला पुढे एम.एस्सी. करताना कळलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सीटी स्कॅन भारतात आला आणि आकडी येणाऱ्या शेकडो रुग्णांच्या मेंदूत हे एकुलतं एक छोटं कडं दिसू लागलं. टीबी घरोघरचा, म्हणून ही टीबीचीच गाठ असं समजून औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या न्यूरोसर्जनांनी असे काही ठिपके शस्त्रक्रियेनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेकांत निघाले पट्टकृमीच्या अळीचे अवशेष. त्यांचे निष्कर्ष १९८९ ते १९९१ च्या दरम्यान प्रसिद्ध झाले, म्हणजे ताईच्या पहिल्या आकडीच्या जेमतेम वर्षभर आधी. या आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. पुढे त्याच वेल्लोर भागातल्या पाहणीत अपस्माराच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या मागे हीच अळी असल्याचं दिसलं. जिथे हा किडा रुजलेला आहे अशा जगभरच्या भागांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही सुमारे ३० टक्के हाच आकडा देते.

किड्याची गोष्ट थोडक्यात अशी. अळ्या असलेलं, नीट न शिजलेलं डुकराचं मांस माणसानं खाल्लं की अळी आतड्याला चिकटते. तिच्या डोक्यावर चार चूषक आणि आकड्यांचं दुहेरी कडं असतं. तिथे ती वाढून दोन-चार मीटर लांबीचा पट्टकृमी होते. ज्याच्या पोटात तो असतो त्याला बहुधा काहीच होत नाही. कधी पोटात गुबारा, कधी तेही नाही. किडा वर्षानुवर्षं राहतो आणि त्याच्या शेपटाकडचे तुकडे विष्ठेतून पडत राहतात. एकेका तुकड्यात ५० हजारांच्या घरात अंडी. ती विष्ठा डुकरानं खाल्ली की अंड्यांतून अळ्या निघतात, रक्तावाटे स्नायूंत जातात आणि तिथे भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पिशव्या होऊन बसतात. आत पांढरा ठिपका, भोवती पारदर्शक पाणी. प्रयोगशाळेत पहिल्यांदा बरणीत पाहिलं तेव्हा मला आमच्या घरची एकादशी आठवली होती.

आता तिसरा बाण. तीच अंडी डुकराऐवजी माणसाच्या पोटात गेली, तर अळीला फरक कळत नाही. ती तशीच आतडं भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसते. किड्याच्या दृष्टीनं ही वाट चुकलेली असते, कारण आपल्याला कुणी खात नाही आणि त्याचं चक्र तिथेच खुंटतं. मेंदूतली अळी जिवंत असेपर्यंत शरीराला चकवून कित्येक वर्षं गप्प राहू शकते. ती मरायला लागली की शरीराला तिचा सुगावा लागतो, सूज येते आणि मग आकडी. म्हणजे ताई त्या दिवशी वर्गात पडली त्याचं कारण महिना, वर्ष, कदाचित त्याहूनही आधीच्या एखाद्या जेवणात होतं.

डुकराचं मांस खाऊन पोटात जंत होतो, थेट आकडी येत नाही. मेंदूत पोचणारी अळी ज्या अंड्यातून निघते ते माणसाच्या पोटातल्या किड्याचं असतं, डुकराच्या नव्हे. या एका वाक्याच्या अलीकडे आमचं घर थांबलं होतं.

*

आता मी काय केलं ते.

पुण्याहून परत आल्यावर बाहेर टीबी सांगायचं ठरलं, पण घरात डुक्कर शिरलंच होतं. आणि गावात डुकरं पाळणारी एकच वस्ती होती, ओढ्याच्या पलीकडे. त्या वस्तीला गावात ज्या नावानं हाक मारत ती शिवीच होती, म्हणून ते नाव लिहीत नाही. ताईचं डोकं मांडीवर घेणारी तिची जोडीदारीण त्याच वस्तीतली.

एका संध्याकाळी आज्जीनं मला चुलीपाशी बसवून घेतलं. "खरं सांग, त्या पोरीच्या घरात काय खाल्लं का गं तुमी?"

आम्ही गेलो होतो. उन्हाळ्यात, ताईला तिच्याकडून वही घ्यायची होती तेव्हा. तिच्या आईनं आम्हाला चहा दिला होता आणि चहात बुडवायला बटर. दुकानातून पुडीत बांधून आणलेले, टणक बटर. मी दोन खाल्ले होते, ताईनं एक.

मी म्हणाले, "हो. खाल्लं."

आज्जीनं काय खाल्लं ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला एवढं नक्की कळत असतं की आपल्याला काय विचारलं आहे. मला हेही कळलं होतं की या उत्तरानं घराची अडचण सुटणार आहे. सगळ्यांना एक कारण हवं होतं आणि ते ओढ्यापलीकडचं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा शाळेत गेले. ताईचा बाक बदलला. त्या मुलीशी बोलायचं नाही असं ताईला सांगण्यात आलं. शाळेत टीबीऐवजी दुसरीच कुजबुज सुरू झाली, ती कुणी पसरवली कोण जाणे. मुलींनी तिच्या डब्याशेजारी डबा उघडणं सोडलं. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा तिच्या बाकावर कुणीच नव्हतं. दहावीच्या परीक्षेला ती बसली नाही.

*

आज त्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणते तेव्हा माझ्या फळ्यावरचं चित्रच दिसतं. १९९२ मध्ये आमच्या गल्लीत एकाही घरात संडास नव्हता. आमचंही वीस एकरांचं माळकरी घर, पण पहाटे अंधारात बायका ओढ्याच्या अलीकडच्या बाभळीत जायच्या आणि पुरुष पांदीच्या पलीकडे. वस्तीतली डुकरं दिवसभर तिथेच चरायची. ती जे खात होती ते आमचंच होतं. पावसात ते सगळं ओढ्यात यायचं. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमचं इंजिन होतं आणि त्या पाण्यावर आमची कोथिंबीर, मेथी आणि मुळे. मुळा उपटायचा, ओढ्यातच बुचकळायचा आणि कचाकच खायचा. ही आमची रविवारची चैन.

म्हणजे वस्तीतल्या डुकरांना अळ्या झाल्या असतील तर त्या माणसांच्या विष्ठेतून. गावच्या, वस्तीच्या, कुणाच्याही. डुकराला हा रोग आपण देतो. मग तो आपल्याकडे परत आला की त्याला डुकराचा रोग म्हणतो.

आणि एक गोष्ट घरात कुणीच उच्चारली नाही. माझे धाकटे काका ट्रकवर होते. महिना-महिना बाहेर असायचे आणि ढाब्यांवर काय काय खाल्लं याच्या गोष्टी आम्हा पोरांना माळ्यावर गुपचूप सांगायचे. त्यात डुकराचं मटणही असायचं. घरी आले की आंघोळ करून देवाला फुलं वाहायचे आणि पंगतीला वाढायला पुढे. हे आईला माहीत होतं, दादांना माहीत होतं, बहुधा आज्जीलाही. त्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून आणा म्हणून सांगितलं होतं. आबांनी ते डबे ओसरीवरूनच भिरकावले. तपासणी झाली नाही. कुणाच्या पोटात किडा निघाला असता, तर एका डोसच्या औषधानं तो गेला असता. पण मग तो घरात होता हे कबूल करावं लागलं असतं.

काकांवर आळ घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. तसं केलं तर ओढ्यापलीकडचं बोट फक्त अलीकडे वळवल्यासारखं होईल. मुळ्यातून आलं असेल, शाळेबाहेरच्या भेळेतून, जत्रेतल्या पाण्यातून, एखाद्या आचाऱ्याच्या नखांतून. ज्याच्या पोटात किडा असतो त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. शोधायचं ते त्याला बरं करण्यासाठी.

*

आबांचा प्रश्न, आमच्या घरात ते शिजतच नाही तर झालं कसं, हा फक्त आमच्या गावचा नाही. १९९२ मध्येच, ताईच्या आजारपणाच्या वर्षी, न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांतल्या चार रुग्णांबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डुकराचं मांस ज्यांना धर्मानं वर्ज्य, त्यांच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या. शोध घेतल्यावर संशयाची सुई गेली ती लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, त्यांच्याकडे स्वयंपाकपाणी करणाऱ्या बायकांकडे. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा आबांना दाखवावासा वाटला. आबा तेव्हा हयात नव्हते. नंतर मनात आलं ते त्या बायकांचं. त्यांची तपासणी झाली, औषध मिळालं, हे योग्यच. पण त्या दिवसानंतर त्यांच्या हातचं कुणी खाल्लं असेल का?

दुसरी गोष्ट इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम न्यू गिनीची. तिथल्या पनिआई सरोवरांभोवतीच्या डोंगराळ भागात एकारी लोक राहतात. डुक्कर त्यांच्या लग्नकार्यांचा, देण्याघेण्याचा, प्रतिष्ठेचा कणा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं त्यांना भेट म्हणून बाली बेटावरची डुकरं दिली. त्यांच्यासोबत हा किडा आला. काही वर्षांतच तिथल्या दवाखान्यांत भाजलेल्या माणसांची रीघ लागली. थंडीमुळे लोक रात्री झोपडीत शेकोटीच्या कडेनं झोपायचे. झोपेत आकडी यायची आणि माणूस निखाऱ्यांवर पडायचा. शुद्ध हरपलेली, म्हणून उठताही यायचं नाही. आकडीनं थेट जीव जाण्यापेक्षा ती कुठे गाठते यावर बरंच अवलंबून असतं. शेकोटीजवळ, विहिरीवर, चुलीपाशी. ताईला आईनं पुढे कित्येक वर्षं भाकरी थापायला बसू दिलं नाही. मला तेव्हा ते लाड वाटायचे.

*

ताईची आकडी गोळ्यांनी आटोक्यात आली. १९९३ च्या स्कॅनमध्ये कड्याच्या जागी कॅल्शियमचा पांढरा कण तेवढा उरला होता. तीन वर्षांनी डॉक्टरांनी हळूहळू गोळ्याही बंद केल्या. आजार संपला आणि लग्नाचा विषय सुरू झाला.

हिंदू विवाह कायद्यात तेव्हा अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या शेजारी बसवलेले होते. असे झटके येणाऱ्या व्यक्तीचं लग्न रद्द ठरवून घेता येत असे. अपस्मार हा शब्द त्या कलमातून निघाला तो १९९९ मध्ये. ताईची स्थळं आली ती ९७-९८ साली. कलम कुणी वाचलेलं नव्हतं, पण कलमात जे होतं ते सगळ्यांच्या तोंडी होतं. घरच्यांचा बेत लपवण्याचा. ताई तयार होईना. पहिल्या दोन स्थळांना तिनं चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधी सांगून टाकलं आणि दोन्ही परत गेली. तिसऱ्यानं विचारलं, "आता येते का?" ती म्हणाली, "पाच वर्षांत नाही आली. पुढचं सांगता येत नाही." ते आमचे भाऊजी.

खरं बोलणं तिला जमत होतं. मला ते माझ्यापुरतं जमलं नव्हतं. चहा आणि बटर ही गोष्ट मी तिलाही सांगितलेली नव्हती.

*

आता या चक्राला तोडायचं कसं, हे विज्ञानाला माहीत आहे. उत्तर पेरूमधल्या तुंबेस भागात माणसांना जंताचं औषध आणि डुकरांना औषध व लस असं दोन्ही एकत्र देण्यात आलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०७ पैकी १०५ गावांत प्रसार थांबला होता. डुकरांसाठीची ती लस मेलबर्नच्या संशोधकांनी शोधली आणि तिचं व्यापारी उत्पादन होतं ते आपल्या हैदराबादेत. डुकराला लस टोचायची, औषधाच्या एका मात्रेनं त्याच्या अंगातल्या अळ्या मारायच्या, माणसाच्या पोटातला किडा काढायचा, संडास बांधायचा आणि तो वापरायचा. मांस आतपर्यंत शिजवायचं. जेवणाआधी आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात. कच्ची पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवायची. यातलं काहीही अवघड नाही.

अवघड वेगळंच आहे. लस टोचायची तर डुक्कर पाळणाऱ्याच्या दारात जायला हवं, आणि तो आपल्याला दारात उभं करील असं आपलं आजवरचं वागणं हवं. आमच्या गावात वस्तीतल्या त्या मुलीचा मामा आणि आणखी तिघं, एवढ्या लोकांना आकडी येत होती. त्यांच्यापैकी एकाचाही स्कॅन झाला नाही. विकायला म्हैस नव्हती. आमच्या ताईच्या ठिपक्याला नाव मिळालं आणि त्या नावाची शिक्षा मात्र त्यांना झाली. खरं तर या रोगाचा सर्वांत जास्त मार ज्यांना बसतो ते तेच, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे.

*

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ताईला फोन केला. ती आता सांगलीला असते, सून आलेली आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. आज्जीनं काय विचारलं, मी काय म्हणाले, काय म्हणाले नाही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं. आज्जीनं मला दुसऱ्याच दिवशी सुनावलं होतं, धाकटीनं सगळं सांगितलंय म्हणून. मी म्हटलं, अगं चहा-बटर खाल्लं. तिनं ऐकलंच नाही. तू बटर म्हणाली असतीस तरी ऐकलं नसतं."

"पण मी म्हणाले नाही."

"नाही म्हणालीस."

तिनं ते हलकं करून दिलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मग तिनं जे सांगितलं ते मला नवीन होतं. २००९ मध्ये सांगलीच्या एसटी स्टँडवर तिला तिची मैत्रीण भेटली. हिनं ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. तेव्हापासून दोघी फोनवर बोलतात, सणासुदीला भेटतात. तिनं पुढे बाहेरून दहावी दिली, अंगणवाडीत मदतनीस झाली. गावातल्या पोरांना जेवणाआधी रांगेत उभं करून हात धुवायला लावते. मामा विहिरीत पडून गेला, आम्ही गाव सोडलं त्याच्या पुढच्या वर्षी.

"सोळा वर्षं बोलताय आणि मला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"तू कधी विचारलंस तिच्याबद्दल?"

मी म्हणाले, तिला माझ्याकडून सांग, मला वाईट वाटतं.

ताई म्हणाली, "ते मी नाही सांगणार. नंबर पाठवते, तूच फोन कर. आणि भेटायला गेलीस तर बटर नेऊ नकोस उगाच. तिला शुगर आहे."